मनाचा अभ्यास आणि कुलूपबंद कपाटे

आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेली मुले-मुली अलीकडे मानसशास्त्र हा विषय घेऊ लागली आहेत, ही आम्हांला समाधानाची गोष्ट वाटते. एके काळी कला शाखा म्हटली की इतिहास, राज्यशास्त्र आणि मराठी एवढेच आपल्या घरांना ठाऊक असे. परंतु पदव्युत्तर वर्गात प्रकल्प लिहिण्याची वेळ आली की हीच मुले अडखळतात. 'सगळे नेटवर आहे' असे सांगणारे पुष्कळ भेटतात. नेमके कोठे आहे हे सांगणारे विरळाच. मग महाविद्यालयाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानातून कुणाचा तरी जुना प्रकल्प येतो आणि मुखपृष्ठावरचे नाव तेवढे बदलते. याचा दोष आम्ही मुलांना देत नाही. ज्या घरात काका-मामांपैकी कुणी संशोधन केलेले असते, तेथे ही वाट जेवताना सहज कानावर पडते. आपल्याकडे ती मुद्दाम सांगावी लागते.

मानसशास्त्रातील पुष्कळसे संशोधन इंग्रजी नियतकालिकांत असते आणि त्यांच्या कपाटांना कुलपे असतात. एकेक लेख विकत घ्यावा तर महिन्याच्या मेसचा खर्च त्यात जाईल. केंद्र शासनाने 2025 पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना सुरू केली. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक आणि सुमारे 13,000 नियतकालिके. योजना चांगलीच आहे. मात्र ती केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी मंजूर झाली. शासकीय संस्थेत शिकणाऱ्या मुलांनी ग्रंथपालांकडे तिची चौकशी हक्काने करावी. आपली जी मुले कर्ज काढून खासगी महाविद्यालयांत शिकतात, त्यांच्यासाठी हे दार केव्हा उघडणार, हा प्रश्न समाजाने विचारला पाहिजे.

तोवर उघडी असलेली दारे थोडी नाहीत. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा'वर भारतीय विद्यापीठांतील लाखो प्रबंध मोफत वाचता येतात. प्रबंधांचा दर्जा सारखा नसतो, हे खरे. पण चांगल्या प्रबंधातील पूर्वसंशोधनाचा आढावा आणि अखेरची संदर्भसूची म्हणजे पुढच्या वाटेचा नकाशाच. 'ई-पीजी पाठशाळा'वर एम.ए. मानसशास्त्राचे पाठ आहेत. मानसिक आरोग्याविषयी 'पबमेड सेंट्रल'वर पूर्ण लेख मिळतात. 'इंडियन जर्नल ऑफ सायकिअॅट्री' हे नियतकालिकही सर्वांना खुले आहे. 'गुगल स्कॉलर'वर एखाद्या लेखाखाली 'ऑल व्हर्जन्स' असे लिहिलेले असते. तेथे गेल्यास पैसे मागणाऱ्या लेखाचीच मोफत प्रत अनेकदा सापडते. एवढे करूनही न मिळाल्यास लेखकाला नम्र ईमेल लिहावा. पुष्कळ अभ्यासक आपला लेख आनंदाने पाठवतात. मोठ्या माणसाला कसे लिहावे, हा संकोच आपल्या मुलांनी टाकून द्यावा.

जात आणि मन यांचा संबंध शोधू पाहणाऱ्या विद्यार्थ्याची अडचण मात्र निराळी आहे. इतिहासाच्या अभ्यासात आम्ही एक गोष्ट शिकलो : नोंद करणाऱ्याने जो शब्द वापरला, त्याच शब्दाने शोधावे लागते. जनगणनेच्या जुन्या अहवालांत आपले पूर्वज आपण स्वतःला ज्या नावाने ओळखतो त्या नावाने नेहमीच सापडत नाहीत. संशोधनाच्या महाजालातही तेच आहे. केवळ 'दलित' शब्द टाकून थांबू नये. 'कास्ट', 'लो कास्ट', 'शेड्यूल्ड कास्ट', 'स्टिग्मा', 'सोशल आयडेंटिटी' हेही इंग्रजीत टाकून पाहावेत. शिवाय फक्त मानसशास्त्राच्या कपाटात शोधणे पुरेसे नाही.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांचा 2004 चा अभ्यास. दोघी अर्थशास्त्राच्या अभ्यासक आणि निबंध जागतिक बँकेचा. तो मोफत उपलब्ध आहे. उत्तर प्रदेशातील खेड्यांतील शाळकरी मुलांना, 321 उच्चजातीय व 321 कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातींतील, कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दोन्ही गटांच्या कामगिरीत फरक आढळला नाही. सर्वांसमोर जात उघड केली आणि मोठी दरी पडली. मुले तशाच तयारीची, कोडीही तीच. 'गुणवत्ता' या शब्दाचा जप करणाऱ्यांपुढे ठेवावा असा हा निबंध आहे. वर्गात शिष्यवृत्तीची यादी मोठ्याने वाचणाऱ्या शिक्षकांनीही तो वाचावा. आमच्या व्यवसायबंधूंना हे थोडे बोचेल, पण इलाज नाही.

तथापि आपल्या बाजूचा निष्कर्ष दिसला म्हणून डोळे मिटून स्वीकारणे हे तथागतांनी कालामांना केलेल्या उपदेशाला धरून होणार नाही. 2015 मध्ये मानसशास्त्रातील 100 प्रयोग पुन्हा करून पाहिले गेले, तेव्हा जेमतेम 36 टक्के प्रयोगांत सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय परिणाम पुन्हा मिळाला. त्यापूर्वी 2008 मध्ये जेफ्री आर्नेट यांनी अमेरिकेतील प्रमुख मानसशास्त्रीय नियतकालिके तपासली असता त्यांतील 96 टक्के सहभागी पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले निघाले. म्हणून लेख हाती आला की आपल्या विद्यार्थ्याने आधी विचारावे : हा प्रयोग कुणावर केला, किती जणांवर केला, आणि पुन्हा कुणी करून पाहिला काय? व्यक्तिमत्त्वाच्या किंवा बुद्धिमत्तेच्या तयार चाचण्यांनाही हाच प्रश्न विचारावा. त्यांची प्रमाणके कोणत्या मुलांवरून ठरवली, हे पाहिल्याशिवाय वाडी-वस्तीवरच्या मुलाला गुण देऊन मोकळे होणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

संस्थेकडे आमची मागणी मोठी नाही. ग्रंथालयातील संगणक सुटीच्या दिवशी माजी विद्यार्थ्यांसाठी खुला ठेवावा, आणि मानसशास्त्रात पुढे गेलेल्या आपल्या माजी विद्यार्थिनींनी महिन्यातून एक रविवार तेथे बसावे. भूलभुलैयाच्या त्या निबंधाची छापील प्रत कपाटात न ठेवता वाचनाच्या टेबलावर ठेवावी. त्याचा मराठी सारांश कुणी करून दिल्यास तो पालकसभेत वाचून दाखवण्याचे काम आम्ही घेतो.