लेन्स कोणती घ्यावी?

आजोबांच्या जुन्या लायका रेंजफाइंडर कॅमेऱ्याला ३५ मि.मी.ची लेन्स घ्यायची आहे, कोणती घ्यावी, असे एका वाचक बंधूंनी विचारले आहे. या कॅमेऱ्यात आपण लेन्समधून नव्हे, वरच्या खिडकीतून पाहतो. लेन्स मोठी असली की खिडकीचा कोपरा झाकतो. म्हणून आकार आधी पाहावा.

१९५८ साली निघालेली एफ/२ सुमिक्रॉन लहान व रेखीव आहे. एफ/१.४ सुमिलक्स दुप्पट उजेड घेते. जुनी सुमिलक्सही लहानच. पण पूर्ण उघडली की चित्र मऊ येते, दिव्याभोवती धुरकट वलय उठते. १९९० नंतरच्या सुमिलक्समध्ये हा दोष बराच कमी झाला, मात्र ती मोठी आणि महाग.

आता आपले काम पाहा. शेतात उन्हात एफ/८ ठेवून ५ मीटरवर फोकस लावला, तर अडीच मीटरपुढचे सारे स्पष्ट येते. तिथे जादा पैसे वाया. रात्रीचे लग्न, माजघर हेच टिपायचे असेल तरच सुमिलक्सचा विचार करावा. एरवी माझे मत सुमिक्रॉनला.

जुनी लेन्स घेताना मागून बॅटरीचा उजेड टाकून आत बुरशी नाही ना, ते पाहावे. या बुरशीवर आपली फवारणी चालत नाही!