मोबाईल हिसकावण्याआधी खेळ तर बघा

दिवाळीची सुट्टी लागली की चिखली घ्या, मेहकर घ्या, नांदुरा घ्या, पारावर नाही तर ओट्यावर चार-पाच पोरं एका मोबाईलवर वाकलेली दिसणारच. घरचे सोयाबीनच्या कामात बुडालेले असतात. अशा वेळी आईबाप एक तर दुर्लक्ष करतात, नाही तर एक दिवस भडकून मोबाईल हिसकावतात. दोन्हीनं काही साधत नाही. माझं कळकळीचं सांगणं आहे की एकदा पोराच्या शेजारी अर्धा तास बसा आणि तो नेमकं काय खेळतोय ते बघा. मग काय ते ठरवा.

सगळे खेळ सारखे नसतात. पहिली पारख पैशाची. जिथं पैसे लावून पैसे मिळवायचे असतात, तो खेळ घरात नकोच. केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून असे ऑनलाइन पैशांचे खेळ बंद केले आहेत. ते चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. खेळणाऱ्याला मात्र या कायद्यानं गुन्हेगार ठरवलेलं नाही. म्हणून पोराचे पैसे अडकले असतील तर बदनामीच्या भीतीनं गप्प बसू नका. फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करा, जितका उशीर तितके पैसे हातचे जातात. आणि यूपीआयचा पिन पोरांना सांगू नका, भाजी आणायला पाठवायचं असलं तरी.

दुसरी पारख वेळेची आणि डोक्याची. खेळ कुठं तरी संपतो का? खेळताना पोरगं थांबून विचार करतं का, की नुसती बोटं चालतात?

थांबून विचार करायला लावणारा खेळ कसा असतो, त्याचा एक चांगला नमुना सांगतो. अमेरिकेत १९६६ साली ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळ प्रवासाची मालिका टीव्हीवर आली आणि पुढं तिच्यावर चित्रपट, पुस्तकं, खेळ निघाले. २००६ साली ‘स्टार ट्रेक: टॅक्टिकल असॉल्ट’ नावाचा खेळ निन्टेन्डो डीएस आणि सोनीच्या पीएसपी या हातात मावणाऱ्या यंत्रांसाठी आला. विषय अंतराळयानांच्या लढाईचा, पण नुसतं बटण दाबून धडाधड गोळ्या सोडण्याचं काम नाही. यान जड असतं, सावकाश वळतं. प्रत्येक बाजूचं कवच वेगळं असतं. एका बाजूचं कवच फुटत आलं की यान फिरवून धड बाजू शत्रूपुढं आणावी लागते. एकदा मारा केला की शस्त्र पुन्हा भरेपर्यंत धीर धरावा लागतो.

ही यंत्रं आता दुकानात नवी मिळत नाहीत, आणि जुनी शोधून विकत घ्या असं मी मुळीच म्हणत नाही. कारण यानांच्या अशा लढाईला यंत्र लागतच नाही. ‘स्टार फ्लीट बॅटल्स’ हा खेळ १९७९ मध्येच अमेरिकेत निघाला होता, आणि तो होता षटकोनी घरांच्या पटावर, कागद-पेन्सिल घेऊन खेळायचा. दर डावाला यानाची मोजकी ऊर्जा चाल, शस्त्रं आणि कवच यांत वाटायची, हा त्याचा गाभा. विहिरीत पाणी मोजकं आणि वीज रात्रीची असताना हरभऱ्याला द्यायचं की गव्हाला, हा हिशेब आपल्या पोरांनी घरात रोज ऐकलेला असतो. त्यांना हा खेळ समजावून सांगावा लागणार नाही.

मूळ नियमांचं पुस्तक जाडजूड आहे. आपण सोपं करू. गणिताची चौकटींची वही घ्या. दोघांनी दोन टोकांना पेन्सिलीनं एकेक बाण काढायचा, ते यान. यानाच्या चार बाजू, दर बाजूच्या कवचाला सहा गुण. दर डावाला प्रत्येकाला सहा ऊर्जा. त्यातली चालीला किती, माऱ्याला किती, कवच भरायला किती, हे हाताआड लिहायचं आणि एकदम उघडायचं. एक घर पुढं जायला किंवा एकदा वळायला एक ऊर्जा लागते. आधी दोघंही चालतात, मग दोघंही मारतात. शत्रू पाच घरांच्या आत असेल तर माऱ्याला ठेवलेली ऊर्जा त्याच्या आपल्याकडच्या बाजूच्या कवचातून वजा होते. शेवटी कवच भरायचं, पण सहाच्या वर नाही. एखादी बाजू शून्यावर आली आणि तिच्यावरच पुन्हा मारा बसला की यान गेलं. चौथी-पाचवीची पोरं हे सहज खेळतील, आणि वजाबाकी कर म्हणून सांगावंही लागणार नाही.

अंतराळ हा विषय आपल्या जिल्ह्याला परका नाहीच. लोणारचं सरोवर ज्या विवरात आहे ते उल्का आदळून झालं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं. काळ्या बेसॉल्ट खडकात अशी विवरं पृथ्वीवर फार थोडी आहेत आणि चंद्रावरची काळी मैदानंही बेसॉल्टचीच, म्हणून तर जगभरचे शास्त्रज्ञ इथले दगड तपासत आले. २०२० मध्ये हे सरोवर रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं. तरी आपल्यातले कितीतरी जण तिथं फक्त दैत्यसूदनाच्या दर्शनाला जाऊन येतात. पोरांना काठावर उभं करून सांगा की हा खड्डा आकाशातून आलेल्या एका दगडानं केला. वाचणारं पोरगं असेल तर गावच्या वाचनालयातून जयंत नारळीकरांचं ‘यक्षांची देणगी’ आणून द्या.

मोबाईल घरातून जाणार नाही, तो आपल्यालाही लागतो. पण पोराच्या हातातून तो खाली ठेवायला लावायचा तर दुसऱ्या हातात काही तरी द्यावं लागेल, आणि समोर बसायला माणूस लागेल. आईबापहो, रात्रीच्या जेवणानंतर वीस मिनिटं तुम्हीच बसा. आणि गुरुजी, मॅडम, येत्या शनिवारी एक तास या वहीवरच्या लढाईला द्या. नियम पोरं आपले आपण वाढवतील, त्यांना वाढवू द्या.