कागद आहेत, वाचणारा शिक्षक हवा

१९ एप्रिल १७७५ ची पहाट. अमेरिकेत लेक्सिंग्टन गावच्या हिरवळीवर ब्रिटिश सैनिक आणि हत्यारबंद गावकरी समोरासमोर उभे होते. गोळी सुटली आणि अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध पेटले. पण पहिली गोळी झाडली कोणी? सहा दिवसांनी गावच्या चौतीस जणांनी शपथेवर लिहून दिले, की आम्ही पाठ फिरवून निघालो असताना ब्रिटिशांनी गोळ्या झाडल्या. जॉन बार्कर या ब्रिटिश लेफ्टनंटची रोजनिशी मात्र म्हणते, आम्ही जवळ जाताच त्यांनीच एकदोन गोळ्या झाडल्या!

तिकडचे अनेक इतिहासशिक्षक हे दोन्ही कागद मुलांपुढे ठेवतात. कोणी लिहिले, केव्हा आणि कोणाला पटवण्यासाठी? गावकऱ्यांच्या जबान्या तातडीने लंडनला धाडल्या होत्या, हे कळले की शपथेकडेही मुले जरा निरखून पाहू लागतात. स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे कितीतरी पाठ तयार करून फुकट उपलब्ध केले. लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपला खजिना इंटरनेटवर खुला केला. राष्ट्रीय अभिलेखागाराने २०१० मध्ये 'डॉक्सटीच' हे खास शिक्षकांसाठीचे संकेतस्थळ सुरू केले. साधनांचा दुष्काळ मुळीच नाही.

मग शिक्षकांना एकत्र बोलावून शिकवायची गरज काय, असे कोणी विचारील. माझ्या मते खरी गरज तिथेच आहे. कागद हातात आला म्हणजे तो वाचता आला असे नव्हे. ज्या शिक्षकाने स्वतः कधी दोन विसंगत साक्षी घेऊन डोके खाजवले नाही, तो वर्गात 'बरोबर उत्तर' सांगून मोकळा होतो. अस्सल कागदही मग पाठांतराची आणखी एक ओळ होऊन बसतो.

सिनेटर रॉबर्ट बर्ड यांनी हे ओळखले असावे. त्यांच्या आग्रहाने २००१ मध्ये 'टीचिंग अमेरिकन हिस्टरी' ही अनुदान योजना आली. पहिल्या वर्षी ५ कोटी डॉलर. अट अशी, की शाळांनी एखादे विद्यापीठ, ग्रंथालय, संग्रहालय किंवा इतिहाससंस्था सोबत घ्यावी. म्हणजे शिक्षकाने इतिहासकाराशेजारी बसून इतिहासच शिकायचा. नुसत्या फळा-खडूच्या युक्त्या नव्हेत. दशकभर चालून योजना बंद पडली. मुलांच्या निकालात नेमका किती फरक पडला, हे मूल्यमापनाला ठामपणे दाखवता आले नव्हते. पुढे एप्रिल २०२५ मध्ये मानव्यविद्यांच्या राष्ट्रीय निधीनेही आपली बरीच अनुदाने रद्द केली.

सरकारी पैशाचा हिशेब मागू नये असे मी म्हणणार नाही. पण मोजायचे काय? सनावळ्यांच्या परीक्षेत हा फरक दिसणार नाही. मुलाने दोन साक्षी ताडून पाहिल्या का, 'तुम्हाला हे कशावरून कळले?' असे शिक्षकाला विचारले का, हे पाहायला हवे. ते मोजणे अवघड आहे, म्हणून ते शिकवणे सोडून द्यायचे?

संकेतस्थळ उभे करणे शिक्षक घडवण्यापेक्षा स्वस्त पडते, म्हणून ते आधी होते. त्यावरचे कागद मात्र वाचायला कोणीतरी शिकवावे लागते. आणि शिकवणाराला आधी शिकावे लागते.