तगादा

“मुलगा रात्री दोन वाजेपर्यंत जागा असतो. ऑफिसचे काम नव्हे, फुकटचे काहीतरी करतो आणि वर लोकांची बोलणी खातो,” अशी तक्रार अलीकडे काही ज्येष्ठ पालकांकडून ऐकू येते. हे ‘फुकटचे काहीतरी’ म्हणजे बहुधा मुक्तस्रोत, अर्थात ओपन सोर्स सॉफ्टवेअर असते. ते कोणीही विनामूल्य वापरावे, त्याची आतील रचना पाहावी, तीत सुधारणा करावी, अशी ही पद्धत. आपल्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी असलेले लिनक्स याच कुळातील. अशा कित्येक प्रणालींची देखभाल एखाददुसरी व्यक्ती नोकरी सांभाळून, बिनपगारी करीत असते. सोसायटीचा सेक्रेटरी आठवावा : पाणी आले तर कोणी आभार मानीत नाही, न आले तर सगळे दार ठोठावतात. येथे ठोठावणारे जगभर पसरलेले आणि पुष्कळदा निनावी असतात.

हा तगादा कोणत्या थराला जातो, याचे उदाहरण फिनलंडच्या लासे कॉलिन यांचे. माहितीच्या फाइलींचा आकार लहान करणारी ‘एक्सझेड युटिल्स’ ही प्रणाली ते वर्षानुवर्षे छंद म्हणून सांभाळीत होते. २०२२ मध्ये काही नावांनी त्यांचा पिच्छा पुरवला : काम संथ आहे, दुसऱ्याकडे सोपवा. दीर्घकाळच्या मानसिक अस्वास्थ्यामुळे आपली क्षमता मर्यादित झाली आहे आणि हे काम बिनमोबदल्याचे आहे, असे त्यांनी उघडपणे सांगितले. टोचणी थांबली नाही; उलट, स्वतःच्या मर्यादा ओळखा, असा उपदेश आला. त्याच काळात ‘जिया टॅन’ नावाचा एक मदतनीस हळूहळू विश्वास संपादन करीत होता. पुढे त्याच्या हाती अधिकार आले. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब खटकला. शोध घेता प्रणालीत चोरवाट बसवलेली आढळली. तगादा लावणारे आणि मदतनीस एकाच कटातील असावेत, असा जाणकारांचा दाट संशय आहे. थकलेल्या माणसाला आधी अपराधी वाटायला लावायचे आणि मग मदतीचा हात पुढे करायचा, ही रीत ज्येष्ठांना फोनवरून फसवणाऱ्यांच्याही परिचयाची आहे.

कॉलिन यांच्यासारखे स्पष्ट बोलणारे थोडे. बाकीच्यांचे शरीर बोलते : छातीत धडधड, आम्लपित्त, आखडलेली मान, पहाटे तीनला जाग. फोन वाजताच शरीर संकट आल्याप्रमाणे सज्ज होते; दिवसातून वीसदा असे झाले तर त्याला विसावा कुठला? अशा वेळी झोपेची गोळी मागितली जाते. मी आधी विचारतो, झोपण्यापूर्वी शेवटचे काय वाचलेत?

घरच्यांचा नेहमीचा सल्ला असतो, “सोडून दे ते काम.” मला तो पटत नाही. त्या कामावर त्याचा जीव असतो. शिवाय छळणाऱ्यांचीही मागणी बहुधा तीच असते. त्याऐवजी शांतपणे विचारावे, यात टीका कोणती आणि पिच्छा कोणता? चूक दाखवणारा ती सुधारली की थांबतो. पिच्छा पुरवणारा विषय बदलतो, माणूस सोडत नाही. अशांचे संदेश काही आठवडे एखाद्या विश्वासू सहकाऱ्याने वाचावेत. ज्याचा छळ होतो त्याने ते उघडूच नयेत. रात्रीच्या जेवणानंतर उत्तरे बंद. संतापून संदेश पुसले जातात, पण तेच पुरावे असतात. तारखेसह जपून ठेवावेत. अनेक समुदायांनी आचारसंहिता केली आहे. लिनक्सच्या गाभ्याचे काम करणाऱ्यांनी ती २०१८ मध्ये स्वीकारली. तक्रार आधी तेथे करावी. जिवाची धमकी असेल तर मात्र थेट पोलिसांकडे किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर.

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी राहिली, जेवणात, माणसांत रस उरला नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. जगण्याचा कंटाळा बोलून दाखवला, तर त्याला एकटे सोडू नये आणि ‘टेलि-मानस’ला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ही शासकीय सेवा विनामूल्य आहे, अहोरात्र चालते आणि तेथे मराठीतही बोलता येते.