हट्टामागील वेदना

शाळेची घंटा होताच कान झाकणारा, गणवेशाची शिवण टोचते म्हणून रडणारा, बाकावर क्षणभरही स्थिर न बसणारा मुलगा आपल्याकडे सरसकट 'हट्टी' ठरतो. छडी गेली असली, तरी शब्दांचा मार चुकत नाही. वस्तुतः अशा काही मुलांना डोळे, कान, त्वचा यांच्याकडून, तसेच शरीराचा तोल व हालचाल यांविषयी मेंदूकडे येणाऱ्या संवेदनांची संगती लावणेच अवघड जाते. अमेरिकेतील व्यवसायोपचारतज्ज्ञ जीन एअर्स यांनी १९७२ च्या आपल्या ग्रंथात या प्रश्नाची मांडणी केली. हा स्वतंत्र विकार मानावा काय, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. स्वमग्नतेच्या लक्षणांत मात्र अमेरिकन मनोविकार संघटनेने २०१३ मध्ये अशा तीव्र वा मंद प्रतिसादांचा समावेश केला.

परंतु तज्ज्ञांचा वाद मिटेपर्यंत मुलाने सोसत राहावे, हा कुठला न्याय? त्याला गोंगाटापासून दूर बसविणे, घंटेची पूर्वकल्पना देणे, वह्या वाटण्याचे काम सोपवून हालचालीस वाव देणे, यांस पैसा लागत नाही. भरगच्च वर्गात प्रत्येकाकडे कसे पाहावे, ही शिक्षकांची अडचण खरी आहे आणि ती दूर करण्यासाठी शासनाने प्रशिक्षण व मनुष्यबळ पुरविलेच पाहिजे. तथापि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. ज्या गोष्टीवर मुलाचा ताबाच नाही, तिच्याबद्दल त्याला चारचौघांत अपमानित करणे याला छळाखेरीज दुसरे नाव नाही.