खोकल्याचा हिशेब

ज्वारीची मळणी लागली की बैठकीत भाषणापेक्षा खोकलाच जास्त ऐकू येतो. आम्ही शेतीशास्त्र शिकलो, डॉक्टर नव्हे. पण करप्यावर कीटकनाशक मारू नका असे तुम्हाला सांगतो, त्याच हक्काने हेही सांगतो. ब्रॉन्कायटिस म्हणजे श्वासनलिकांची सूज. बहुधा विषाणूने येते. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, कफ पिवळा झाला तरी नाही. तरीही दोन सुया, एक सलाईन, आणि वेचणीची मजुरी संपली! हा खोकला आपणहून, पण दोन-तीन आठवड्यांनी जातो.

मात्र दम लागला, छाती दुखली, बेडक्यात रक्त दिसले, ताप उतरेना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. निमोनिया असू शकतो. म्हातारी, तान्ही आणि दमेकरी यांच्यासाठी थांबूच नका. खोकला दोन आठवड्यांवर गेला की थुंकी तपासून घ्या. क्षयाची तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे. फवारणीनंतर छाती भरली, लाळ सुटली, तर ती विषबाधा. औषधाचा डबा सोबत न्या. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने माणसे गेली.

वर्षात तीन महिने, लागोपाठ दोन वर्षे कफ पडत असेल तर दुखणे जुनाट. मूळ बिडीत, नाहीतर पऱ्हाटीच्या धुरात. बिडी आपण ओढतो, चुलीपुढे कारभारीण खोकते. बैल लंगडला तर डॉक्टर त्याच दिवशी येतो. तिला किती जणांनी तपासायला नेले? चूल ओसरीबाहेर मांडायला तर पैसेही लागत नाहीत.