भाजीनं पोट नाय भरत

आठवड्याचं ताट

मृगाचे पाऊस होऊन गेले होते. डहाणू रोड स्टेशनबाहेर वारली बायका ओळीनं बसल्या होत्या. पुढ्यात कोळीच्या जुड्या, टाकळ्याचा कोवळा पाला, शेवळांचे वाटे आणि शेवळांसोबत हवीतच म्हणून काकडांचे छोटे ढीग. माझ्या शेजारी मुंबईच्या गाडीतून उतरलेले एक गृहस्थ उभे होते. हातातल्या मोबाइलवरून नजर न काढता त्यांनी विचारलं, "ताई, यात बदामापेक्षा जास्त लोह असतं म्हणतात, खरं का?"

बाई जुडी बांधत म्हणाली, "मला नाय माहीत, दादा. पण भाजीनं पोट नाय भरत. संगती भाकर पायजे."

गेली काही वर्षं मी खाण्यापिण्यावर लिहितो आहे. पान श्रेष्ठ की दाणा, या वादावर इतका नेमका निकाल मला कुठल्या लेखात वाचायला मिळालेला नाही.

ही कुस्ती हल्ली रोज कुठे ना कुठे लागलेली असते. आकडे घेऊन बसलं तर निकाल हवा तसा लावता येतो. शंभर ग्रॅम बदामात सव्वादोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम कॅल्शियम, तर तेवढ्याच शेवग्याच्या पाल्यात तीनशेच्या वर. क जीवनसत्त्व आणि ज्याचं शरीरात अ जीवनसत्त्व होतं ते कॅरोटिन पाल्यात मुबलक, बदामात जवळजवळ नाहीच. झालं, पान जिंकलं! आता दुसरा रकाना पाहा. शंभर ग्रॅम माठात चाळीसेक उष्मांक आणि चारेक ग्रॅम प्रथिनं. तेवढ्याच शेंगदाण्यांत सव्वापाचशे ते साडेपाचशे उष्मांक आणि चोवीस-पंचवीस ग्रॅम प्रथिनं. म्हणजे दाणा जिंकला. पंच कोण आणि त्याला काय विकायचं आहे, यावर सगळं ठरतं.

मुळात 'शंभर ग्रॅम' हे मापच फसवं आहे. दहा बदाम म्हणजे जेमतेम बारा ग्रॅम. शंभर ग्रॅम बदाम एका बैठकीत खाणारा माणूस मी लग्नाच्या पंगतीतसुद्धा पाहिलेला नाही. कोथिंबिरीचं उलटं. तिचे आकडे डोळे दिपवणारे, पण ताटात पडते चिमूटभर. जुडी निवडून केलेली माठाची भाजी मात्र माणूस शंभर ग्रॅम सहज खातो. शेवग्याच्या पाल्याची पूड विकणारे तर आणखी हुशार. पानातलं पाणी काढून टाकलं की उरलेल्या पुडीत बरंच काही दाट होतं. मग त्या कोरड्या पुडीची तुलना रसाळ संत्र्याशी करायची आणि डब्यावर 'कित्येक पट' असं छापायचं!

शरीर असे रकाने वाचत नाही. माठातलं कॅल्शियम कागदावर भरघोस दिसतं, पण त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे सगळं अंगी लागत नाही. पाल्यातलं लोह शोषून घ्यायला आंबटाची, विशेषतः क जीवनसत्त्वाची, मदत होते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाल्यातलं कॅरोटिन रक्तात उतरायला स्निग्धांश लागतो. तेलाचा थेंबही नसलेली उकडलेली भाजी खाल्ली तर त्यातलं बरंचसं कॅरोटिन आलं तसं निघून जातं. पानातला ऐवज दाण्याच्या खांद्यावर बसूनच आत येतो.

आपल्या स्वयंपाकघरांना ही जोडी केव्हाची ठाऊक आहे. अळूच्या फदफद्यात चिंच पडते, शेंगदाणे पडतात, खोबऱ्याचे काप पडतात. अंबाडीच्या भाजीवर लसणीच्या फोडणीचं तेल ओततात. शेवळांत काकडांचा आंबट रस घालतात, कारण शेवळातले ऑक्झॅलेटचे बारीक स्फटिक घशाला खाजवतात. रसायनशास्त्र न शिकता माणसं इथवर पोचली.

मग डहाणू-तलासरीच्या ताटात कमी काय आहे? पान नाही. पावसाळ्यात रान पान वाढायला कमी करत नाही. कमी आहे तो दाणा आणि तेल. लहान मुलाचं पोट ते केवढं! पाचशे उष्मांक माठातूनच मिळवायचे तर त्याला किलोभराहून जास्त भाजी खावी लागेल. तेच शंभर ग्रॅम दाण्यांत भागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या आणि पाच वर्षांखालच्या दर चार मुलांमागे एकाचं वजन उंचीच्या मानानं कमी निघालं. पहिल्या दुखण्याला पाला उपयोगी पडेल, दुसऱ्याला एकटा पाला पुरणार नाही. त्यात पाला हंगामी. दिवाळी झाली की रान सुकतं आणि माणसंही निघतात. कुणी वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर, कुणी वापी-उंबरगावच्या कारखान्यांत, कुणी गुजरातच्या मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून. तिथे ना कोळी, ना टाकळा. गाठोड्यात बांधून नेता येतो तो दाणा.

म्हणून दर ऑगस्टमध्ये भरणाऱ्या रानभाजी महोत्सवांचं कौतुक वाचताना मी जरा अडखळतो. महोत्सव व्हावेत, ज्ञान टिकावं, बायकांच्या हाती चार पैसे यावेत. पण रानभाजी म्हणजे कुपोषणावरचा उतारा असं भाषणात कुणी म्हणालं की समजावं, या माणसानं नुसत्या भाजीवर दिवस काढलेला नाही. उलट टोकाला सुक्या मेव्याची पाकिटं वाटणारे दाते आहेत. बदामात ई जीवनसत्त्व उत्तम, पण प्रथिनांत शेंगदाणा त्याच्या मागे नाही आणि किमतीत तो कितीतरी खाली आहे. फोटोत मात्र बदाम चांगला दिसतो.

खरं तर उत्तर सरकारी कागदावर आहेच. २०१५ मध्ये आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांसाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू झाली. तिच्या एका वेळच्या चौरस आहारात भाकरी, भात, डाळ यांच्यासोबत हिरवी पालेभाजी आहे, तेल आहे आणि शेंगदाण्याचा लाडूही आहे. पान आणि दाणा एकाच ताटात. हे ताट अंगणवाडीतून वाढलं जातं आणि अंगणवाडीची कल्पना याच मातीतली. १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला आल्या, पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, हा त्यांचा हट्ट. म्हणून माझी मागणी साधी आहे. महागाईत या ताटाला कात्री लागलीच तर ती तेलाला आणि लाडवाला लागू नये. मुलांच्या वाट्यालाही रोज मूठभर दाण्यांचं कूट यावं. कूटच, कारण अख्खा दाणा लहानग्याच्या घशात अडकतो. आणि दाणे कोरड्या डब्यात राहावेत. इथल्या दमट हवेत बुरशी लवकर धरते आणि बुरशीचा दाणा म्हणजे विष.

दुसरी गोष्ट मोहाची. चैत्रात फुलं वेचून होतात, आणि पावसाच्या तोंडावर, कोळी रुजून येते त्याच सुमारास, झाडाखाली मोहट्या, म्हणजे मोहाची फळं, पडू लागतात. त्यांच्या बियांचं तेल इथल्या घरांनी पिढ्यानपिढ्या खाल्लं. पाला आणि त्याला लागणारं तेल, दोन्ही रान एकाच वेळी देत होतं. २००६ च्या वनहक्क कायद्यानं अशा वनोपजावर आदिवासींचा हक्क मान्य केला आहे. मोहाचं झाड उभं राहिलं आणि गावात घाणा फिरता राहिला तर त्या हक्काला चव येईल.

त्या दिवशी मी शेवळांचा वाटा घेतला. बाईनं न मागता चार काकडं वर टाकली आणि बजावलं, "नीट घाला, नायतर घसा खाजंल." घरी भाजी झाली, दाण्याचं कूट आणि पळीभर तेल घालून. जेवताना आठवलं, आम्ही दोघांनी तिला भाजीबद्दल सगळं विचारलं. तिच्या घरी या महिन्यात तेल आणलं का, ते दोघांपैकी कुणीच विचारलं नाही.

— वाढपी